दाखवायचा राहिलेला भाग

नाही नाना, ती पिशवी खुंटीला अडकवू नका, मांडीवरच असू द्या – खुंटीला लागली की वस्तू आमच्या घरची झाली, आणि मी अजून ती परत घेतलेली नाही. नवरदेवाची टोपी आणि सदऱ्याचं कापड आहे ना तिच्यात? साखरपुड्याला आम्हीच दिलेलं, मला न उघडता कळतं. आणि आता माझ्या नणंदेच्या, हिराच्या अंगावर घातलेली साडी तुम्ही परत न्यायला आलात. हे लग्न तुम्हीच जमवलं नाना, आणि मोडायलाही तुम्हालाच पाठवलं. बसा ना, उठता कशाला, चहा टाकलाय. सासूबाई देवळात गेल्यात, हे कामावर, घरात मी नि हिरा – आणि ही, दात येतायत हिला, अंग नुसतं तापलंय, सकाळपासून खांद्यावरून उतरत नाही. सावद्याहून एवढ्या उन्हाचे आलात तर ऐकून जा. तिकडे नवरदेवाच्या अंगणात सगळे बोलले. बोलले नाही ती मी एकटी.

काय बघितलं हो, आणि बघितलं कुणी? रुपचंदशेठनी. केळीचा माल घेऊन मुंबईला गेले, आडत्याच्या घरी उतरले, तिथे ती पेटी – टेलिव्हिजन, रेडिओसारखी पण आत माणसं हलतात ती – आणि तिच्यात आमचे हे, हातात बेड्या, दोन्ही अंगांना पोलीस, मागे गादीवर कुणी शेठजी मरून पडलेले. एवढंच बघितलं. गाडी गाठायची होती म्हणे, उठले. आणि सावद्यात पाय ठेवताच सांगत सुटले, की हिराच्या भावाला खुनात धरलं, सरकारी पेटीवर दाखवलं, मी या डोळ्यांनी पाहिलं. झालं. सरकार कशाला खोटं दाखवेल? रेडिओवर बातम्या सांगतात, तशा या चित्रांच्या बातम्या – असंच धरलं सगळ्यांनी. कुणी विचारलं का की बाबा, पुढे काय झालं? सावद्यात पेटी नाही, इथे जळगावात नाही, खात्री करायला जाणार कुठे? पण विचारायला काय पेटी लागते? तोंड लागतं. सासूबाई माझ्या साक्रीकडच्या, त्यांनी आमच्या सगळ्या मेहरूण वस्तीला ऐकू जाईल असं सांगितलं, ‘मना पोऱ्या चोर नही शे’ – तर शेजारीण म्हणते कशी, चोर कोण म्हणतंय, खुनात धरलंय ना. अशी माणसं.

गोष्ट होती ती नाना, गोष्ट. गुप्तहेराची. आठवड्याला एक भाग. मुंबईत गिरणीला होते तेव्हा कामगारांच्या नाटकात हे काम करायचे, तिथे त्या पेटीवाल्यांनी ह्यांना पाहिलं आणि नेलं. गोष्टीत हे शेठजींचे ड्रायव्हर. शेठजींचा कुणीतरी गळा दाबतं, पोलीस ड्रायव्हरला धरतात. मग एक खाजगी गुप्तहेर येतो – पोलिसातला नाही, स्वतःचा धंदा असलेला, डोक्याला इंग्रजी टोपी – आणि तो शोधून काढणार की गळा दाबला सख्ख्या पुतण्याने. ड्रायव्हर सुटणार, शेठाणी त्याच्यापुढे हात जोडणार. सगळं ठरलेलं. आणि त्या भागाच्या आधीच मालिका बंद. का? कुणी सांगेना. कुणी म्हणे गुप्तहेर झालेला नट आजारी पडला, कुणी म्हणे वर कुणाला आवडली नाही. पाच-सहा आठवडे जेमतेम चालली, आणि तिथे काय, दुसऱ्या आठवड्याला भजन लावून मोकळे झाले. पण ह्यांना धरलं ते दाखवलं नाना, आणि सोडलं ते दाखवायचं राहिलं. तो गुप्तहेर आपल्या घरी बसलाय, तो पुतण्या आपल्या घरी जेवतोय, आणि बेड्या तेवढ्या आमच्या घरात येऊन पडल्या. ह्याचा राग कुणावर काढू मी? सांगा ना. त्या पेटीवर काढू? ती मी बघितलीसुद्धा नाही.

आणि तुम्ही तर होता त्या दिवशी. तुमच्यासमोर झालं. मी ह्यांना म्हटलं होतं, तुम्ही जाऊ नका, सासूबाईंना पाठवा, चार मोठी माणसं पाठवा. तर नाही. म्हणाले, सांगून नाही पटायचं, राहिलेला भाग मी करून दाखवतो. नवरदेवाच्या अंगणात! गावच्या बाया भिंतीवर चढून बसल्या, पोरं कडुलिंबावर. आणि ह्यांनी एकट्याने सगळं केलं. तुमच्याच डोक्यावरची टोपी घेऊन गुप्तहेर झाले, आठवतं ना? कुणाचा तरी पंचा डोक्यावरून घेऊन शेठाणी झाले. पुतण्या झाले तेव्हा अशी मान खाली घातली की मला वाटलं आता ह्यालाच धरून नेतील. आणि शेवटी ड्रायव्हर. काळजावर हात ठेवून म्हणाले, ‘मी गरीब आहे, पण माझे हात स्वच्छ आहेत.’ बाया रडत होत्या. तुम्ही उपरण्याने डोळे पुसलेत नाना, मी पाहिलं, आता नाही म्हणू नका. मी म्हटलं सुटलो. देवा, सुटलो एकदाचे. आणि नवरदेवाचे आबा सुपारी कातरता कातरता म्हणाले, ‘एवढं खरं वाटेल असं खोटं ज्याला जमतं, त्याच्या घरची मुलगी मी कशी आणू?’

काय बोलायचं ह्यावर? वाईट काम केलं असतं तर म्हणाले असते खुनी आहे. चांगलं केलं तर म्हणतात खोटा आहे. आणि तुम्ही, त्यांच्या शेजारी बसलेले, आमच्या बाजूने एक शब्द नाही. टोपी झटकलीत आणि घातलीत डोक्यावर. आज ती साडी मागायला मात्र तोंड आहे. तिच्यावरचं पोलकं शिवून झालंय हिराने, हाताने शिवलंय, त्याचं काय करू, उसवून देऊ? ती आत बसलीय. ऐकतेय सगळं. ऐकू दे. उद्या ही माझी पोर मोठी होईल, तेव्हाही कुणीतरी म्हणेल, हिचा बाप तो, पेटीतला. पेट्या येतील तोवर घरोघर, पण तो राहिलेला भाग काही यायचा नाही.

खोटं बोलत नाहीत हो ते. घरात कधी खोटं नाही. म्हणजे – गिरणी सोडल्याचं सांगितलं नव्हतं, तेवढं एक. नाटकापायी खाडे झाले, गिरणीतून काढलं, आणि इकडे चिठ्ठीत लिहायचे की पाळी बदललीय, थकायला होतं. मी इथे त्यांच्या थकव्याची काळजी करत होते. ही पोटात होती तेव्हा. मला कळलं ते भाजी घेताना, रुपचंदशेठांच्या त्या गोष्टीला जोडून, की गिरणीतून तर त्याला कधीच काढलंय – सगळ्या गावाबरोबर. घरी आले तेव्हा मी विचारलं, आणखी काही लपवलंय का? तर हिला माझ्या मांडीवरून उचललं, हिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, काही नाही. मी ऐकलं. सोडून दिलं. आणि मग त्या अंगणात, शेवटी, ड्रायव्हर झाले तेव्हा – तो आवाज नाना, अगदी तोच. म्हणायच्या आधी जरा थांबणं तेच. हातसुद्धा तसाच, बोटं अशी पसरून. मी बायांच्यात बसले होते. सगळ्या रडत होत्या आणि मी त्या हाताकडे बघत होते –

काय बघता असं? चहावर साय आली तुमच्या. द्या तो कप इकडे.

हिरा, आण गं ती साडी. पोलकं नको, पोलकं आपलं आहे. – घ्या. नीट घडी घातलीय, हळदीचा डाग होता तोही तिने काढलाय. आणि ती पिशवी द्या माझ्याकडे. सायकलची घंटा आली का? गिरणीवरनं येतात ते याच वेळेला, इथे तेलाच्या गिरणीत लागलेत आता – ती नाही, ती दूधवाल्याची. पण येतील. मागच्या दाराने निघा नाना, उठा. तुम्हाला बघितलं की ते पुन्हा सुरू करतील, इथेच, पहिल्या वाक्यापासून, आणि मला पुन्हा तो हात बघावा लागेल. जा. हिचा आत्ता डोळा लागलाय, जागी होईल. जा म्हणते ना.