लांबची तारीख

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे सन्माननीय अधीक्षक सर. दोन ऑपरेशनांच्या मध्ये वेळ काढून व्यासपीठावर येऊन बसलेले पोटविकारांचे मोठे डॉक्टर. जिन्यात ज्यांची चाहूल लागली की अख्खा वॉर्ड सरळ होतो, त्या आमच्या मेट्रनताई. उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणाऱ्या नव्या आहारतज्ज्ञ बाई. स्वयंपाकघरातली, प्रयोगशाळेतली आणि केसपेपरच्या खिडकीवरची माझी सगळी माणसं. आणि मागच्या दोन रांगा अडवून बसलेली माझी मंगळवारची मंडळी, आपणां सर्वांना मनापासून नमस्कार.

सत्काराला उत्तर देताना गळा दाटून आलाय असं म्हणायची रीत आहे. माझा खरोखर दाटलाय, पण त्यात मघाच्या पेढेवजा बर्फीचाही वाटा असावा. आहारतज्ज्ञाच्या निरोपाला कोणी एवढं गोड ठेवतं का हो? मेट्रनताई हसताहेत, म्हणजे कोणी ठेवलं ते कळलं.

मघाशी जी भेट दिलीत तिचं खोकं टेबलाखाली ठेवलंय. आत काय आहे ते मला ठाऊक आहे, कारण अकाउंट्सच्या भाऊंच्या पोटात काही राहत नाही. ज्यूसर आहे. एका वेळी सहा ग्लास रस निघतो म्हणे. मंडळी, तुमच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण ‘नुसत्या रसावर राहू नका’ असं सांगता सांगता जिचा जन्म गेला, तिला ज्यूसर? आणि सहा ग्लास? माझ्या घरात ग्लास सहा आहेत, पण प्यायला मी एकटीच आहे. असो. भेटवस्तूला नावं ठेवू नयेत, एवढं वळण आईने लावलंय.

मोठ्या डॉक्टरांनी आपल्या भाषणात सांगितलं की मी कित्येकांची शरीरं आतून स्वच्छ करून दिली. डॉक्टर, तुमचा मान राखून सांगते, मी काहीही स्वच्छ केलेलं नाही. हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे, पण सत्काराच्या भाषणात थोडं चालतं. माझ्याकडे येणारा दर दुसरा माणूस विचारायचा, बाई, हे डिटॉक्स का काय म्हणतात, त्यासाठी काय घेऊ? कोणाला पूड हवी असायची, कोणाला काढा, कोणाला सात दिवसांचा रस. मी म्हणायचे, काही घेऊ नका. उजव्या बरगडीखाली यकृत आहे, पाठीशी दोन मूत्रपिंडं आहेत, शिवाय फुप्फुसं आहेत, आतडी आहेत. ही मंडळी तुमच्या जन्मापासून ड्युटीवर आहेत. त्यांना रजा नाही, निवृत्ती नाही आणि निरोप समारंभ तर नाहीच नाही. त्यांचं काम त्यांना येतं. आपण फक्त मध्ये लुडबुड करायची नाही. तहान मारू नका, पाणी प्या. अर्धं ताट भाज्यांनी भरा. फळ पिळू नका, चावून खा. डाळी, कडधान्यं खा, मीठ-साखरेला हात आखडता घ्या, दारूला लांबूनच रामराम करा. जेवण झालं की लगेच आडवे होऊ नका, जरा चाला आणि वेळेवर झोपा.

झालं. एवढं सांगायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही. मग इतकी वर्षं ही बाई त्या एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत बसून करत काय होती? खरं सांगू का? हे सगळं कळणारी, शहाणीसुरती माणसं घरी जाऊन ते करत का नाहीत, हे मी शोधत होते. आणि ते मला ज्यांनी सांगितलं, ते आज मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले आहेत. आपण सगळे त्यांना पेंटरकाका म्हणतो. त्यांची परवानगी घेऊनच बोलते आहे. काका, मान खाली घालू नका, मी फार काही सांगणार नाही.

पेंटरकाकांनी जन्मभर लोकांच्या घरांच्या भिंती रंगवल्या. काकू गेल्या, मुलगी लग्न होऊन दूर गेली, आणि रंगाच्या डब्यांचा वास ज्या माणसाला कधी जाणवला नव्हता, त्याला तो एकट्या घरात जाणवायला लागला. त्यांनी मनाशी पक्कं केलं की आयुष्यभराचा रंग आपल्या अंगात साठलाय आणि तो काढला पाहिजे. कोणीतरी सांगितलं म्हणून सुरू केला पाल्याचा रस. जेवण बंद, नुसता रस. मग एके सकाळी आपल्याच केसपेपरच्या खिडकीपुढे रांगेत उभे असताना चक्कर येऊन कोसळले. डॉक्टरांनी सलाइन लावलं, तपासण्या केल्या आणि सावरल्यावर माझ्याकडे पाठवलं.

मी विचारलं, हे काय चालवलंय? तर मला समजावून सांगायला लागले. बाई, भिंतीला नवा रंग द्यायचा तर जुना खरवडून काढावा लागतो, तसं आतून खरवडतोय. मी म्हटलं, काका, तुमचं यकृत ही भिंत नाही, तो कामावरचा गडी आहे. गड्याला उपाशी ठेवून काम होतं का? हे त्यांना पटलं. आयुष्यभर त्यांनी हाताखाली माणसं ठेवली होती.

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला, काल उठल्यापासून काय काय खाल्लंत? काल तर नुसता रस, म्हणून म्हटलं, रसाच्या आधीच्या एखाद्या दिवसाचं आठवून सांगा. चहा. बिस्किटं. चहा. पाव. कधी कोपऱ्यावरचं तळलेलं. आणि जेवण? त्यावर ते म्हणाले, “एकट्यासाठी कोण कुकर लावतं, बाई?”

हे वाक्य मी त्या खोलीत किती जणांकडून ऐकलं असेल याला गणती नाही. मी त्यावर एक ठरलेलं, गोड व्याख्यानही देत असे. ते दिलं. काकांनी ते मुकाट्याने ऐकलं आणि, आश्चर्य म्हणजे, घरी जाऊन पाळलं. दर महिन्याला यायचे, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. काय खाल्लं ते सांगायचे. पालेभाजी कशी निवडली, डाळ किती शिजली, पुलाच्या पलीकडे चालत कसे गेले. इतकं बारीक सांगायचे की बाहेरची रांग चुळबुळायला लागायची. आणि एक दिवस रिपोर्ट आला, सगळं जिथल्या तिथे. मी खूश. म्हटलं, काका, जिंकलात. आता इतक्या लवकर यायची गरज नाही, सहा महिन्यांनी या.

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, थकले असतील.

सहा महिने कसले, पुढच्याच महिन्यात स्वतःच्या पैशाने तपासणी करून हजर. वजन वर, रक्तातली चरबी वर. मी जवळची तारीख दिली. पुन्हा सुधारले. मी लांबची तारीख दिली. पुन्हा बिघडले. असं दोन-तीनदा झालं. मोठे डॉक्टर बुचकळ्यात पडले. पण माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. वाईट रिपोर्ट हातात घेऊन हसत हसत आत येणारा हा माझ्या आयुष्यातला पहिला पेशंट होता.

मी दार लोटून घेतलं आणि सरळ विचारलं. काकांनी आधी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, तपासणीच्या आधी चार दिवस मुद्दाम तळलेलं आणि गोड खातो. नको वाटतं, तरी खातो. मी म्हटलं, अहो, पण का?

“चांगला रिपोर्ट आला की तुम्ही लांबची तारीख देता.”

मंडळी, मला राग यायला हवा होता. आला नाही. आपल्याकडे पद्धतच अशी आहे की बरा होत चाललेल्याला लांबची तारीख आणि बिघडत चाललेल्याला जवळची. पद्धत चुकीची नाही, गर्दी एवढी असते, दुसरं करणार काय? पण ज्या माणसाला काल काय जेवलात असं विचारणारं जगात एकच दार उरलंय, त्याला आपण बरं झाल्याबद्दल त्या दारातून बाहेर काढत होतो. त्याने बिचाऱ्याने आपला हिशेब बरोबर मांडला होता. पणाला मात्र स्वतःचं यकृत लावलं होतं.

म्हणून मंगळवार सुरू झाला. अधीक्षक सरांकडे गेले तेव्हा सर म्हणाले होते, हे रुग्णालय आहे की खानावळ? आठवतंय ना सर? पण परवानगी दिलीत, वर आपल्या बैठकीच्या खोलीतलं मोठं टेबलही दिलंत. नियम मी केला, आणि तो एकच. ज्याचा रिपोर्ट चांगला, त्याने मंगळवारी दुपारी आपला घरचा डबा घेऊन त्या टेबलावर जेवायला यायचं. रिपोर्ट बिघडला की जागा गेली, सुधारला की परत मिळाली. काकांचा रिपोर्ट त्यानंतर बिघडलेला नाही.

मग शिलाईवाल्या मावशी आल्या, ज्यांच्या मिठाच्या हाताने त्यांच्या मूत्रपिंडांना घाम फोडला होता. निवृत्त बस कंडक्टर आले, ते अजूनही पुढे सरका म्हणूनच खुर्ची मागतात. कोणाच्या डब्यात लोणचं जास्त दिसलं की मावशीच आधी डोळे वटारतात, मला बोलावं लागत नाही. कंडक्टर काकडी इतकी जाड कापून आणतात की त्यावरून त्यांची दर मंगळवारी टिंगल होते. पण आणतात. सोमवारी संध्याकाळी ही माणसं बाजारात जाऊन भाजी निवडतात, कारण दुसऱ्या दिवशी कोणीतरी तो डबा उघडून बघणार असतं. यापलीकडे मी काहीही केलेलं नाही. मोठ्या डॉक्टरांनी नोंद घ्यावी.

आता शेवटचं आणि थोडं अवघड. मागच्या मंगळवारी मी त्या टेबलाच्या टोकाला बसून सांगितलं की माझी निवृत्ती आली, आता या नव्या बाई तुमच्याबरोबर बसतील. मग पेंटरकाकांनी मला विचारलं, “बाई, काल संध्याकाळी तुम्ही काय जेवलात?”

बघा ना, हा माझा प्रश्न. मी तो हजारो लोकांना विचारला असेल. मला तो कोणी विचारला नव्हता. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा फोन करतो, बरी आहेस ना विचारतो, मी बरी आहे म्हणते. रुग्णालयात दुपारचं जेवण तुमच्या सगळ्यांबरोबर व्हायचं, ते चांगलं व्हायचं. पण संध्याकाळी? मी आठवायला लागले. फ्रिजचं दार उघडं ठेवून, उभ्या उभ्या, दोन टोस्ट आणि वर गार दूध. परवाही तेच. त्याच्या आधीही तेच. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडावं? “एकटीसाठी कोण कुकर लावतं, काका?”

कोणी हसलं नाही. मावशींनी आपल्या डब्यातली भाजी माझ्या झाकणात वाढली.

उद्यापासून दुपारचं जेवणही त्याच फ्रिजपाशी होणार, हे मला त्या क्षणी कळलं. या विचाराने मी घाबरले. होय, घाबरले. सगळ्यांसमोर सांगायला लाज वाटत नाही.

म्हणून काल सकाळी मी केसपेपरच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिले. खिडकीवरच्या ताई म्हणाल्या, बाई, तुम्ही इकडून कशाला, आतून या ना. मी म्हटलं, नाही, रांगेतूनच येते. रक्त दिलं, सोनोग्राफी केली. रिपोर्ट आज सकाळी मोठ्या डॉक्टरांनी बघितला. घाबरण्यासारखं काही नाही, पण यकृतावर चरबी आहे, साखर काठावर आहे. हजारो जणांच्या पथ्याची काळजी वाहणाऱ्या बाईचा हा रिपोर्ट! पेंटरकाकांना सांगितला तर म्हणाले, खराब आला ना? मग बरं झालं, जवळची तारीख मिळेल.

कंडक्टर म्हणाले, बाईंना नियमातून सूट देऊन टाकू, आपलंच टेबल आहे. मी नको म्हटलं. सूट मिळाली तर मी टोस्टच खात राहीन, माझं मला माहीत आहे. मला सूट नको, मला कारण हवंय. तेव्हा नव्या बाई, तुमच्या पहिल्या पेशंटांमध्ये माझं नाव घ्या. रिपोर्ट सुधारेपर्यंत मी मंगळवारी बाहेरच्या बाकावर बसेन, आतून काकड्यांवरून चाललेली टिंगल ऐकेन. मला रागवा. ते गोड व्याख्यान मात्र देऊ नका, ते मला पाठ आहे. फक्त विचारा, काल काय जेवलात.

अध्यक्ष महोदय, आपण बोलायला दहा मिनिटं दिली होती, ती मी केव्हाच खाऊन टाकली आहेत. हा समारंभ घडवून आणणाऱ्या सगळ्यांचे, मंडप-खुर्च्या लावणाऱ्यांचे, गोड ठेवणाऱ्यांचेसुद्धा, मी आभार मानते. इतक्या वर्षांत कोणाच्या ताटावरून बोलले असेन, कोणाचा चहा थांबवला असेल, आज कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर ते मनात ठेवू नका, मोठ्या मनाने सोडून द्या.

आणि अकाउंट्सचे भाऊ, पावती जपून ठेवली असेल तर एक विनंती आहे. तो ज्यूसर बदलून मिळत असेल तर मला एक लहान कुकर आणून द्या, त्यांच्याकडे असेल त्यातला सगळ्यात लहान. नाही मिळाला तरी अडणार नाही. घरात मोठा आहे, चौघांचा, माळ्यावर ठेवलाय. आज घरी गेल्यावर तो काढते, घासते आणि एकटीसाठी लावते.

नमस्कार.