लग्नातला कोट आणि फुकट खाट

तुम्ही मंडळी म्हणता, व्यापाऱ्यानं ऐटीत राहावं, लोक मान देतात. देतात ना! मला विचारा.

रेशनिंग उठल्यावर मी मुलुंडला धान्याचं दुकान टाकलं. दुकान कसलं, चार गोणी. त्यातच आईला न्यूमोनिया झाला. इस्पितळात गरिबांना फुकट खाट मिळते, असं कळलं. बायको म्हणाली, "अहो, जरा नीट कपडे घालून जा, नाहीतर कुणी दारात उभं करणार नाही."

मी लग्नातला कोट चढवला. पहारेकऱ्यानं सलाम ठोकला. कारकुनानं खुर्ची पुढे केली. "बोला शेठ."

"आईला फुकट खाट हवी होती."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शेठ, गरिबाच्या तोंडचा घास काढता? लाज वाटू द्या."

"साहेब, कोट लग्नातला आहे. खिसा रिकामाच आहे."

"सगळे शेठ असंच म्हणतात."

दुसऱ्या दिवशी गोणी उचलताना घालायचा फाटका सदरा घालून गेलो. पहारेकरी कालचाच, पण त्यानं ओळखलं नाही. "ए, किधर घुसता है? चल हट!"

"माँ बीमार है, भैया. साब को मिलना है."

"साब ऐसे-वैसे को नहीं मिलता."

दुपारपर्यंत फाटकाबाहेर उभा राहून परतलो, तर दारात शेजारीपाजारी जमलेले. आई गेली होती.

तिरडी बांधताना शेजारचे अण्णा कुणाला तरी हळूच म्हणाले, "काल कोट घालून मिरवत होता बघा. आईला इस्पितळात न्यायचं मात्र जिवावर आलं."