कोपरावरचं उटणं

दर्यापूर-अकोला बसमध्ये गोदावरीबाईंच्या नाकात आधी गवती चहाचा वास शिरला, मग पुढच्या सीटवरच्या मावशी-भाचीचं बोलणं कानावर आलं.

“हळदीसाठी केलेलं उटणं चेहऱ्याले लावलं नाही काहून?”

“कोपराले लावलं, मावशी. दोन दिवस पाहू दे. त्यातल्या वासाच्या तेलानं कोणाकोणाच्या अंगाची आग होते.”

“झाडाचं तेल हाये, पोरी!”

“खाजकुयलीबी झाडाचीच हाये.”

“नवरदेव पोह्याच्या एका बशीत पसंत केला, अन् माह्या उटण्याले दोन दिवस?”

“म्हणून तं त्याले आज पुन्हा भेटाले चालली.”

“आता? लग्न ठरल्यावर?”

“उटणं धुता येते, मावशी.”

मावशीनं बाही वर सारली.

“आण ती उटण्याची डबी. माह्याबी कोपराले लाव.”