पत्रिकांची चाकं

सकाळचं ऊन बसस्थानकाच्या पत्र्यावरून सावकाश उतरलं, पोह्यांच्या वाफेत क्षणभर रेंगाळलं आणि बाकापाशी, स्वानंदच्या बुटांजवळ, संकोचल्यासारखं थांबलं. तो बेटम्याला, देवयानीच्या घरी निघाला होता. लग्न थोडं पुढं ढकलू, एवढंच तिला सांगायचं होतं. शेजारी एक वृद्ध गृहस्थ मांडीवर अर्धवट झालेला कागदी रणगाडा घेऊन बसले होते आणि त्यांची मुलगी तो निरखत होती.

“बाबा, चाकं एकदम कडक झालीत हं!”

“पत्रिकांची आहेत. तुझ्या लग्नाच्या. थरावर थर चिकटवले की लाकूडच.”

“माझ्या लग्नाच्या? क्या बात है!”

“उरल्या होत्या ना, बेटा.”

“उरल्या? वाटल्याच कुठं होत्या?”

“ते सोड. सस्पेन्शन बघ. प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. कितीही खड्डे येऊ देत, आत बसलेल्याला धक्का नाही.”

“इथं ‘चि. सौ. कां. तन्वी’ दिसतंय, बाबा.”

“पट्टा चढवला की झाकलं जाईल.”

“आणि तो आपला म्हणत राहिला, थोडं थांबू, थोडं थांबू. सीधा नाही म्हणाला असता, तर पत्रिका छापल्याच नसत्या.”

“मग चाकं कशाची केली असती?”

आधी मुलगी हसली, मग तेही.

बेटम्याची बस लागली. स्वानंद चढला, खिडकीशी बसला. देवयानीला सांगायचं वाक्य त्याने मनात पुन्हा जुळवून पाहिलं, ते जुळेना. त्याला लग्न पुढं ढकलायचं नव्हतं. करायचंच नव्हतं.