चढाला

दुबईत ऊद मेथातल्या शाळेत बसपासची रांग होती. माझ्या पुढे दोन बायका आणि त्यांतल्या एकीची लेक.

"सुट्टीत पाचगणीला कशी काय गेलीस, विभावरी?"

"घोडागाड्यांची स्पर्धा होती. माझे बाबा टांगेवाले."

"अगंबाई! कधी बोलली नाहीस."

"इथे सगळे विचारतात, वडील कुठल्या कंपनीत होते? आता मीच सांगत सुटलेय. पहिला नंबर आला बाबांचा!"

"टांग्याचा?"

"हो! बाकी सगळ्या शेठ लोकांच्या चकचकीत बग्ग्या. चढ लागला तसे त्यांचे चाबूक निघाले. बाबा मात्र खाली उतरले, आम्हालाही उतरवलं आणि लगाम धरून घोडीबरोबर चालू लागले. लोक हसले, म्हातारा खलास म्हणून."

"मग?"

"वर पोचलो तर त्यांच्या घोड्यांच्या तोंडाला फेस, आणि आमची चंद्री कान टवकारून उभी. जज म्हणाले, गाडीवान असावा तर असा."

"मिहिका, तूसुद्धा चाललीस?"

"यस, आंटी."

"दमली असशील गं. आजोबांना सांगायचं ना, मला तरी बसू दे."

"नो, आंटी. चढाला आपलं ओझं आपल्याच पायांवर."