सुधाकरच्या पिकअपचे मोठे टायर

आमचा साडू सुधाकर म्हणजे हौशी माणूस. पिकअपला त्यानं एवढे मोठे टायर बसवले की, खोटं सांगत नाही, वर चढायला आम्ही घरून स्टूल नेत होतो. मिस्त्री म्हणाला होता, "भाऊ, गाडी डिझेल जास्त पिईन, अन् चढावर ओढनार नाई." सुधाकर म्हणाला, "तू जळून राह्यला!"

त्याच गाडीत भाच्याचं वऱ्हाड घेऊन रिठदहून मेडशीला निघालो. भरलेली टाकी मालेगावातच रिकामी झाली; तिथं पुन्हा भरली. पुढं मेडशीच्या अलीकडं, मुहूर्त तोंडावर असताना, गाडीनं चढावर पहिल्या गिअरातही दम सोडला. सगळे उतरून ढकलायला लागलो.

शिवेवर नवरीचे आईवडील पूजेचं ताट घेऊन उभे होते. बघतात तर गाडीत एकटा सुधाकर, फेटा बांधून.

व्याही गरजले, "नवरदेव कुठी हाये?"

मागून भाचाच सासऱ्यांना ओरडून म्हणाला, "ढकलून राह्यलो ना, मामाजी!"

मला वाटलं, आता वऱ्हाड परत जातं. पण व्याह्यांनी मागं येऊन घामाघूम नवरदेवाला कुंकू लावलं आणि बायकोला म्हणाले, "पाह्य वं, जावई तं गाडीपेक्षा दमदार निंगाला!"