बॅनरवरचं नाव बरोबर आहे

सन्माननीय अध्यक्ष हितेंद्र साळुंखे, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, परळच्या म्युनिसिपल शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका प्रभावळकरबाई, महिला मंडळाच्या सर्व पदाधिकारी, गिरगावहून खास आलेल्या आमच्या विहीणबाई मॉड, आणि या उकाड्यात एका पंख्याखाली चार-चार जण बसलेल्या माझ्या चाळकरी बंधू-भगिनींनो,

मघापासून ऐकतोय, मागच्या रांगेत कुजबुज चाललीय. ‘ही गंगुबाई घाडी कोण? सत्कार तर सुनंदावहिनींचा ना? बॅनरवाल्याने घोळ घातला वाटतं.’ मंडळी, त्या बिचाऱ्याला दोष देऊ नका. नाव मी दिलं आणि ते बरोबर आहे. माझे थोरले भाऊ कैलासवासी रामजी परब यांच्या पत्नी, जिन्याजवळच्या खोलीत राहणाऱ्या, आज वयाची पंच्याहत्तर वर्षं पूर्ण करणाऱ्या आपल्या सुनंदावहिनींचंच ते नाव आहे. गेल्या डिसेंबरपर्यंत मलाही ते माहीत नव्हतं. पंचावन्न वर्षं एका कुटुंबात राहून!

प्रभावळकरबाई, तुम्ही हसताय. तुम्हाला माहीत होतं. तुमच्या शाळेत घंटा वाजवणाऱ्या शिपाईण गंगुबाई म्हणून तुम्ही त्यांना रोज हाक मारत होतात. आम्ही घरातले मात्र कोरडे.

वहिनींच्या गुणांविषयी आधीच्या वक्त्यांनी सांगितलंय. मी वेगळं सांगतो. सत्काराच्या भाषणात ते शोभत नाही, पण सांगितल्याशिवाय मला खाली बसवणार नाही.

पूर्वी ही वहिनींची नात, हे तुम्ही जाणता. दोन वर्षांची असताना तिची आई गेली. वहिनींनी तिला वाढवलं, वेण्या घातल्या, इंजिनियर केलं. तिने खोताच्या वाडीतला प्रेस्टन पसंत केला. मुलगा सोन्यासारखा. पण लग्न चर्चमध्ये की कार्यालयात, यावर दोन्हीकडच्या मंडळींनी सहा महिने असा काथ्याकूट केला की पोरं वैतागली. म्हणाली, दोन्ही नको. अंदमानातल्या बेटावर करू, समुद्राच्या काठी, पाच वाजता, तिकडे सूर्य तेव्हाच मावळतो. समुद्राला धर्म विचारायला कोण जाणार?

आणि आमच्या बाजूच्या पाहुण्यांना तिथवर नेण्याची जबाबदारी माझ्यावर आली. का नाही येणार? तीस वर्षं बसडेपोत ड्युट्या लावल्या आहेत मी! मला सोडून बत्तीस माणसं, एक विमान, दुसऱ्या दिवशी सकाळी बेटावर जाणारी बोट. कोणाला बोट लागते, कोणाला जिना चढवत नाही, कोण घोरतो म्हणून कोणाला कोणाच्या खोलीत ठेवायचं नाही, सगळं लिहून काढलं. उलटीच्या गोळ्यासुद्धा माणशी दोन. प्रत्येकाच्या दारात उभा राहून आधार कार्डाची झेरॉक्स घेतली. आपल्या चाळीतला मयूर म्हणाला होता, ‘काका, पासपोर्ट नाय लागत तर एवढं टेन्शन कशाला घेता?’ त्याला मी नियमांवर भाषण दिलं.

एकाच माणसाची झेरॉक्स मागितली नाही. घरचंच माणूस, तिच्याकडे काय मागायचं? आणि नावाबद्दल शंका कसली? ते नाव तर माझ्या डोळ्यांसमोर ठेवलं गेलं होतं. दादाच्या लग्नात मी मॅट्रिकला होतो. तांदळाचं ताट मीच धरलं होतं. दादाने अंगठीने त्यात ‘सुनंदा’ असं लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. त्या क्षणापर्यंत त्या मुलीला काय म्हणत होते, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. ताट हललं की वडीलधारे रागवत, म्हणून मी ते हलू नये एवढंच बघत होतो.

तर विमानतळ. एकतीस माणसं दारातून आत गेली. शेवटी वहिनी. जन्मात पहिल्यांदा विमान. हातात गावच्या तांदळाची पिशवी, लग्नात नातीचं नाव लिहायला. जवानाने तिकीट बघितलं, कार्ड बघितलं. तिकिटावर सुनंदा रामजी परब. कार्डावर गंगुबाई भिवा घाडी. लग्नाआधी लागलेल्या नोकरीचं नाव, त्यावरच पगार, त्यावरच पेन्शन, त्यावरच आधार. जवान नम्रपणे म्हणाला, ‘अंकल, ये तो दूसरी लेडी है.’

मी काय काय केलं ते सांगून तुमचा वेळ घेत नाही. तिकिटाच्या खिडकीवरच्या मुलीला हात जोडले. ती म्हणाली, एखादं अक्षर चुकलं असतं तर बघितलं असतं, अख्खं नाव नाही बदलता येत. हे रद्द करून नवं तिकीट काढायचं तर या विमानाची विक्री बंद झाली. उद्याच्या विमानात एक जागा आहे, पण ते उतरेपर्यंत बेटाची शेवटची बोट सुटलेली असते, आणि लग्न तर उद्याच संध्याकाळी. दुसरी वाट? नाही. साहेब? साहेबांनीही तेच सांगितलं. मी मोठ्या आवाजात म्हणालो, ‘अहो, मी दीर आहे यांचा, मी सांगतो ना!’ त्यावर त्या मुलीने वहिनींचं कार्ड माझ्यापुढे सरकवलं.

वहिनींना मी उलट विचारलं, आधी का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, ‘माका कोणी कधी विचारल्यान?’

रागाने नाही हो. खरंच आठवून बघत होत्या.

पूर्वी दोन दिवस आधीच बेटावर गेली होती. फोनवर रडून म्हणाली, लग्न पुढे ढकलते. वहिनींनी तिला गप्प केलं. मग तांदळाची पिशवी माझ्या हातात दिली. ‘भावजीनू, तुमी जावा. एकतीस माणसां आत गेली हत.’ बोटीची तिकिटं, हॉटेलचे कागद, सगळं माझ्या मोबाईलवर होतं. मी गेलो. मंडळी, मी गेलो. पंच्याहत्तरीला आलेली बाई टॅक्सी करून एकटी लालबागला परत आली आणि मी विमानात बसलो. खिडकीची जागा मुद्दाम त्यांच्यासाठी मागून घेतली होती. अख्ख्या प्रवासात त्या रिकाम्या खुर्चीकडे बघवेना आणि खिडकीबाहेर बघायचं तर तिच्यावरूनच बघावं लागे.

मॉडबाई, तुमची चाळीसच्या चाळीस माणसं व्यवस्थित पोचली होती. तुमच्याकडे बाप्तिस्म्याला ठेवलेलं नाव जन्मभर पुरतं. तुम्ही त्या दिवशी मला एका शब्दाने टोचलं नाहीत, त्याबद्दल आभार.

लग्न मोबाईलवरून वहिनींना दाखवायचं ठरलं. बेटावर नेटवर्क कुठलं! त्यांना पूर्वीचा अर्धा चेहरा दिसला आणि मग गोल गोल फिरणारं चक्र. त्या चक्रासमोर त्या अर्धा तास नऊवारी नेसून बसल्या होत्या, असं शेजारच्यांनी मला नंतर सांगितलं.

तिकडे तांदूळ ताटात ओतले. ताट पुन्हा माझ्याच हातात. प्रेस्टनने अंगठी घेतली, विचारलं, ‘काय लिहू?’ पूर्वी म्हणाली, ‘आहे तेच लिही.’ त्याने लिहिलं, पूर्वी. वाऱ्याने अक्षरं पुसली जात होती. तो हसून परत परत लिहीत होता. माझ्या हातातलं ताट हलत होतं. या वेळी कोणी रागावलं नाही.

ते तांदूळ मी परत आणून वहिनींना दिले. काय लिहिलं ते सांगितलं. त्यांनी पिशवीत हात घातला. म्हणाल्या, ‘बरा केल्यान.’ आणि भात टाकला.

तेव्हापासून आठ महिने झाले. मी माफी मागायला गेलो की त्या म्हणतात, ‘चाय घेवा.’ मी चहा घेतो आणि परत येतो. असे किती कप झाले असतील? माझ्याच्याने पुढचं बोलवत नाही आणि त्या बोलू देत नाहीत. आज माईक माझ्या हातात आहे आणि स्टेजवर चहाची सोय नाही, म्हणून धाडस करतोय.

हे बोलण्याची संधी दिल्याबद्दल महिला मंडळाचा मी ऋणी आहे. भाषणात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून वक्त्याने बसायचं असतं. भाषणातल्या चुका तुम्ही घालालच. पण एक चूक तुमच्या पोटात घालायची नाही. ती ज्यांच्या बाबतीत झाली त्यांनाच, आजवर कधी मारली नाही त्या नावाने हाक मारून विचारतो.

गंगुबाई, मला क्षमा कराल?

...

अध्यक्षमहाराज, त्या हाताने खुणावतायत, ‘बसा.’ डोळे पुसतायत आणि बसा म्हणतायत. बसतो.